पाऊण टक्के व्याज

नाशिकच्या माणसाला नाशिक हे नाव कुठून आलं असं विचारा, दोन उत्तरं हमखास मिळतात. एक, लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नासिक. दुसरं, नऊ टेकड्यांवर वसलेलं म्हणून नवशिख, त्याचं झालं नाशिक. दोन्ही ऐकायला छान वाटतात. पण शब्दाचं मूळ शोधायचं तर नुसतं छान वाटून भागत नाही, पुरावाही तपासावा लागतो.

पुरावा गावाबाहेरच आहे, पांडवलेण्यांत. (नाव पांडवांचं, लेणी बौद्ध!) एकोणिसाव्या लेण्यात सातवाहन राजा कण्ह याच्या काळचा लेख आहे. म्हणजे दोन हजार वर्षांहून जुना. त्यात गावाचं नाव स्पष्ट येतं, 'नासिक'. त्यात स आहे, शेवटी क आहे. मूळ शब्द नवशिख असता तर इतक्या जुन्या रूपात ख कुठेतरी दिसला असता, आणि 'नव'मधला वही. तो दिसत नाही.

मग स चा श कसा झाला? ती मराठीची जुनी खोड आहे. इ-ई समोर आली की आपण स चा श करतो. सीमा झाली शीव, सिंदूर झाला शेंदूर, सीवन वरून आलं शिवणं. तसंच नासिकचं नाशिक. म्हणजे मूळ 'नासिका'शी जुळतं. आता ते नाक शूर्पणखेचं की नाकासारख्या दिसणाऱ्या एखाद्या उंचवट्याचं, हे मात्र शब्द सांगत नाही. शब्दाच्या मुळावरून कुठवर जायचं आणि कुठे थांबायचं, हे कळणं ही अर्धी विद्या आहे असं मला वाटतं.

पण मला खरं सांगायचंय ते दहाव्या लेण्याबद्दल. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात यानं हे लेणं भिक्षूंना दिलं. त्याच्या व्हरांड्यात ब्राह्मी लिपीत एक लेख आहे, वर्ष 42 चा. तो चक्क ठेवीचा हिशेब आहे! उषवदातानं 3000 काहापण, म्हणजे कार्षापण नाणी, गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. गोवर्धन हे गाव आजही नाशिकला लागूनच आहे. मुद्दल कधीच परत घ्यायचं नाही, फक्त व्याज खायचं. याला लेखात शब्द आहे 'अखयनिवि'. अखय म्हणजे अक्षय, निवि म्हणजे भांडवल. कायमची ठेव.

हा लेख प्राकृतात आहे. प्राकृत म्हटलं की आपण हात जोडतो, ते पंडितांचं काम म्हणून. पण जरा धीर धरून एकेक शब्द सोडवून बघा. व्याजाला शब्द आहे 'वढि'. संस्कृत वृद्धि. आपली वाढ त्याच घरातली, आणि खेड्यापाड्यांतल्या सावकारीतली ती वाढीदिढीही. भिक्षूंची संख्या 'वीस'. प्रत्येकाला चीवरासाठी मिळायचे ते 'बारसक', म्हणजे बारा. लेण्याला 'लेण'च म्हटलंय, संस्कृत लयन वरून आलेलं. (अंगावरचं लेणं मात्र वेगळं. रूप सारखं म्हणून मूळ एक असं धरायचं नाही.)

आणि मग येतो माझा सगळ्यात लाडका शब्द. 3000 पैकी 2000 एका श्रेणीकडे 'पडिक शत' दरानं, 1000 दुसरीकडे 'पायून पडिक शत' दरानं. हे पायून काय असेल? फोड करा. पाद म्हणजे चौथा भाग, आपला पाव. ऊन म्हणजे कमी, त्यातूनच उणे, उणीव, एकोणीस. पाद-ऊन, चतुर्थांश कमी. पायून. पाऊण!

अर्थ बरोबर लागला की नाही हे ताडून बघायची सोयही त्याच लेखात आहे. पडिक शत म्हणजे शेकडा एक, दरमहा, असं धरू. 2000 वर महिन्याला 20, वर्षाला 240. आणि वीस भिक्षूंना बारा बारा म्हणजेही 240. हिशेब जुळला! मग हजारावर पाऊण टक्क्यानं वर्षाचे 90. ही रक्कम 'कुशणमूल' या खर्चासाठी. या शब्दावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कुशाण राजांशी नातं जोडायचा मोह होतो, पण नुसत्या आवाजाच्या साम्यावर तो आवरलेला बरा.

विणकरांना शब्द आहे 'कोलिक'. दोन स्वरांमधला एकटा ल मराठीत ळ होतो, फल-फळ, कमल-कमळ. त्या चालीनं कोलिकचा झाला कोळी. प्राकृतात 'कोलिय' म्हणजे विणकर आणि जाळं विणणारा किडाही. घराच्या कोपऱ्यातला कोळी आणि त्याचं कोळिष्टक, दोघांच्या मुळाशी हातमाग आहे.

चीवर कापडाचं, म्हणून पैसे विणकरांकडे ठेवले, असं पटकन वाटतं. पण दुसरी ठेव कापडासाठी नसूनही विणकरांकडेच आहे. तेव्हा अनुमान एवढंच की त्या काळी गोवर्धनात विणकरांची पत मोठी होती. पिढ्यान्‌पिढ्या व्याज देतील असा भरवसा राजाच्या जावयालाही होता.

हे सगळं आज का आठवावं? आमच्या आधीची पिढी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ म्हणायची. आता घरातल्या मुलांना पावणेतीन म्हटलं तर ती 'म्हणजे किती?' विचारतात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक'सारखी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढा वाद झाला. मुलांना सोपं जावं हा हेतू मला समजतो. पण ऊन म्हणजे कमी, हे एकदा सांगितलं तर एकोणतीस, एकोणचाळीस, पाऊण, पावणेदोन सगळी कुलुपं एकाच किल्लीनं उघडतात. पाठांतराचं ओझं कमी होतं आणि वर बक्षीस म्हणून एकोणीसशे वर्षांपूर्वीचा लेखही थोडाफार वाचता येतो.

विणकरांच्या त्या श्रेणी गेल्या, काहापण गेले, कायमची म्हणून ठेवलेली ठेव केव्हाच बुडाली. पाऊण तेवढा चालू राहिला, भाजीबाजारात, दूधवाल्याच्या हिशेबात, घड्याळात. तो आपल्या हातून बंद पडू नये, एवढंच.

असो. पुढच्या वेळी पांडवलेण्यांवर गेलात तर दहाव्या लेण्यापाशी पाच मिनिटं थांबा. मुलांना बरोबर न्या, आणि अर्थ लगेच सांगू नका. आधी त्यांना फोड करू द्या.