पोकळ ज्योतीची कुळकथा

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक असू नये, असे भारतीय मानक सांगते. शिशालाही तीच मर्यादा आहे, कॅडमियमला ०.००३ आणि पाऱ्याला ०.००१ मिलिग्रॅम. इतक्या सूक्ष्म मात्रा रोज, नमुन्यामागून नमुना घेत, अनेक मूलद्रव्यांसाठी एकाच वेळी मोजता येऊ लागल्या त्या प्लाझ्मावर चालणाऱ्या यंत्रांमुळे. प्रयोगशाळांत त्यांना आयसीपी आणि आयसीपी-एमएस म्हणतात. त्यांचा इतिहास सहसा आकड्यांच्या उतरंडीने सांगितला जातो: आधी दहा लाखांत एक भाग दिसे, मग अब्जात एक, आता लाख कोटींत एक. ही उतरंड खरी आहे, पण तिच्यावरून कूळ कळत नाही. या घराण्यातल्या प्रत्येक महत्त्वाच्या पिढीने आधीच्या पिढीची एक ठरावीक फसगत ओळखली आणि ती दूर केली. आकडे खाली आले ते बव्हंशी त्या दुरुस्तीच्या पोटी.

घराण्याचे मूळ हायडेलबर्गमध्ये आहे. तिथे बुन्सेन आणि किर्कहोफ यांनी ज्योतीत क्षार धरले, निघालेला प्रकाश लोलकातून पाहिला आणि १८६० मध्ये सिझियम, तर १८६१ मध्ये रुबिडियम शोधले. अणू तापला की स्वतःच्याच ठरलेल्या रंगरेषा देतो, हे तत्त्व तेव्हापासून पक्के झाले. उणीव होती ती ज्योतीची. टंगस्टन, झिर्कोनियम, बोरॉन यांसारखी मूलद्रव्ये तिच्यात ऑक्सिजनशी इतकी घट्ट जखडून राहतात की त्यांचे सुटे अणू फारसे मिळतच नाहीत. विजेची कमान पुरेशी तापते, पण ती थरथरते. आजचे मोजमाप उद्या जुळत नाही. ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये वेगळी वाट दाखवली: अणूंनी सोडलेला प्रकाश मोजण्याऐवजी त्यांनी शोषलेला प्रकाश मोजायचा. ही पद्धत जगभर रुजली. मात्र तिला सहसा प्रत्येक मूलद्रव्यासाठी वेगळा दिवा लागे, आणि तिची मूळ ज्योत हट्टी ऑक्साइडांपुढे हतबलच राहिली.

हवी होती कमानीइतकी तप्त आणि ज्योतीइतकी स्थिर अशी जागा. ती सापडली स्फटिक वाढवणाऱ्यांच्या कार्यशाळेत. अमेरिकेतल्या एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत थॉमस रीड यांनी १९६१ मध्ये क्वार्ट्‌झच्या नळीतून आरगॉन वायू सोडला, नळीभोवतीच्या वेटोळ्यातून उच्च वारंवारतेची वीज खेळवली आणि इलेक्ट्रोडच्या स्पर्शाविना पेटता राहणारा प्लाझ्मा मिळवला. त्यांना त्यात सहजी न वितळणाऱ्या पदार्थांचे स्फटिक वाढवायचे होते. रसायनशास्त्रज्ञांनी हे साधन उचलले. इंग्लंडमध्ये ओल्डबरी येथील ऑलब्राइट अँड विल्सन कंपनीतले स्टॅन्ली ग्रीनफिल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९६४ मध्ये, तर अमेरिकेत आयोवातील एम्स प्रयोगशाळेतले रिचर्ड वेन्ट आणि व्हेल्मर फॅसेल यांनी १९६५ मध्ये, स्वतंत्रपणे आपापले निबंध प्रसिद्ध केले. जनकत्वाचा मान कोणाचा, यावर वाद घालता येतो. उष्णतेला श्रेय द्यायचे तर ते रीड यांचे. पण विश्लेषणाला नुसती उष्णता पुरत नव्हती. वेन्ट-फॅसेल यांचा पहिला प्लाझ्मा थेंबासारखा भरीव होता आणि नमुन्याचे तुषार त्याच्या कडेने निसटून जात. ग्रीनफिल्ड यांचा प्लाझ्मा मेदूवड्यासारखा, मध्ये भोक असलेला होता; तुषार त्या पोकळीतून जात आणि चहूबाजूंनी तापत. १९६९ मध्ये एम्सच्या गटानेही हाच आकार घेतला आणि शोधमर्यादा झपाट्याने खाली आल्या. माझ्या मते आयसीपीचा जन्म या पोकळीत आहे: तापमान आधीच हाताशी होते, नमुन्याला त्याच्या गाभ्यात नेणारी वाट नव्हती.

१९७० च्या दशकाच्या मध्यावर ही यंत्रे बाजारात आली आणि त्यांची स्वतःची फसगत उघड झाली. इतक्या तप्त जागी लोह, युरेनियम किंवा दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये हजारो रंगरेषा देतात. त्या गर्दीत शेजाऱ्याची रेषा आपली म्हणून वाचली जाते. उत्तराचे बीज मेघनाद साहांच्या १९२० च्या समीकरणात होते. सूर्याच्या वर्णगोलासाठी मांडलेले हे समीकरण सांगते की ठरावीक तापमानाला एखाद्या मूलद्रव्याचे किती अणू आयन होतील. ते आरगॉन प्लाझ्माला लावले की शिसे जवळजवळ संपूर्ण, आर्सेनिक सुमारे निम्मे, तर फ्लोरिन नाममात्रच आयन होते, असा हिशेब निघतो. म्हणजे हा प्लाझ्मा आयनांचा उत्तम कारखाना होता. प्रकाश वाचण्याऐवजी ते आयनच वस्तुमानानुसार वेगळे करून मोजावेत, या दिशेने इंग्लंडमध्ये ॲलन ग्रे काम करत होते. १९८० मध्ये एम्सचे सॅम हौक, फॅसेल आणि ग्रे यांचा संयुक्त निबंध आला. हजारो अंश तापलेला, वातावरणाच्या दाबाखालचा वायू निर्वातात नेणे ही खरी अडचण होती. सुरुवातीचे छिद्र केसाएवढे बारीक होते. ते तुंबे आणि त्याच्या तोंडाशी थंड थर साचे. छिद्र मोठे करून एकामागे एक दोन धातूचे शंकू बसवल्यावर मार्ग मोकळा झाला आणि १९८३ मध्ये पहिले व्यापारी आयसीपी-एमएस यंत्र आले.

संवेदनशीलता आता हजार पटींनी वाढली, आणि नेमका इथेच माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा मिळतो. जो आरगॉन यंत्राला जगवतो तोच खोटे आकडे देऊ लागला. ४० वस्तुमानाचा आरगॉन आणि ३५ चे क्लोरीन एकत्र आले की ७५ होतात, आणि आर्सेनिकचे वस्तुमानही ७५ आहे. आरगॉन आणि ऑक्सिजन मिळून ५६, म्हणजे लोहाच्या मुख्य समस्थानिकाची जागा. खाऱ्या पाण्यात नसलेले आर्सेनिक ‘सापडते’ ते यामुळे, आणि संवेदनशीलता कितीही वाढवली तरी हे खोटे आर्सेनिकही तितकेच वाढते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आयनांच्या वाटेत वायूची एक कोठडी बसवण्यात आली. आरगॉन-क्लोरीनची जोडी एकट्या अणूपेक्षा मोठी. हेलियमच्या अणूंशी तिच्या टकरा जास्त होतात, ती ऊर्जा गमावते आणि पुढच्या विद्युत अडथळ्यावर अडते. २०१२ मध्ये आलेल्या यंत्रात कोठडीच्या आधी आणि नंतर अशी दोन चाळणी-दालने होती. पहिली फक्त ७५ ला आत सोडते, कोठडीत ऑक्सिजन आर्सेनिकला जोडून ९१ करतो, दुसरी ९१ मोजते. झिर्कोनियमही ९१ वर येते खरे, पण त्याला पहिल्याच दारात अडवलेले असते.

यावर काही आक्षेप रास्त आहेत. ग्राफाइटच्या भट्टीत अणुशोषण करूनही पाण्यातले शिसे हव्या त्या मर्यादेपर्यंत मोजता येते, मग प्लाझ्मा कशाला? एकाच धातूचा प्रश्न असेल तर ती भट्टी पुरेशी आहे. वीस धातूंचा असेल तर वेळ पुरत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. आरगॉन मिनिटाला पंधरा-वीस लिटर लागतो, आणि २०११ पासून बाजारात असलेला, हवेतल्या नायट्रोजनवर चालणारा मायक्रोवेव्ह प्लाझ्मा केवळ स्वस्ताईतून पुढे आला. हे मी मान्य करतो: प्रसार पैशाने ठरतो. पण हा मायक्रोवेव्ह प्लाझ्मा आयसीपी-एमएसच्या खोलीपर्यंत पोहोचत नाही. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. प्लाझ्मा रेणू मोडून टाकतो, त्यामुळे मासळीतले बहुतांशी निरुपद्रवी आर्सेनोबीटेन आणि विहिरीतले विषारी आर्सेनिक त्याला सारखेच दिसते. म्हणून प्लाझ्माच्या आधी द्रव क्रोमॅटोग्राफी जोडून ही रूपे वेगळी केली जातात. ही जोडणीसुद्धा घराण्याच्या रीतीला धरूनच आहे: फसगत ओळखा, मग यंत्र बदला.

ही कुळकथा आपल्याकडे केवळ इतिहास म्हणून वाचून भागणार नाही. औषधांतले जड धातू सल्फाइडच्या साक्याचा रंग डोळ्यांनी ताडून ठरवण्याची जुनी चाचणी अमेरिकी औषधसंहितेने १ जानेवारी २०१८ पासून बाद केली आणि मूलद्रव्यागणिक मोजमाप मागितले. अमेरिकेला औषधे पाठवणाऱ्या भारतीय उत्पादकांनाही ते बंधनकारक झाले. यंत्र विकत घेतल्याने ही जबाबदारी संपत नाही. कोऱ्या नमुन्यात काय दिसले, प्रमाणित संदर्भद्रव्याचा आकडा जुळला का, ७५ वरचा संकेत खरोखर आर्सेनिकचाच होता का, हे अहवालासोबत दाखवता आले पाहिजे. एवढे विचारणारा ग्राहक आणि त्याचे उत्तर देऊ शकणारा विश्लेषक, दोघेही असतील तरच त्या दशांशांवर पाण्याचा, औषधाचा आणि आरोग्याचा निर्णय सोपवावा.