'व्हिरुलंट' म्हणजे नेमकं काय? रोगाच्या बातमीतले पाच शब्द

आपल्या सीमाभागात दवाखान्याचा कागद इंग्रजीत, बाहेरचा बोर्ड कन्नडमध्ये आणि घरात बोलणं मराठीत. त्यामुळे साथीच्या दिवसांत शब्दांची गल्लत होते. ती टाळण्यासाठी हे पाच शब्द.

व्हिरुलंट : जहाल, घातक. मूळ लॅटिन 'व्हायरस', म्हणजे विष. रोगजंतू शरीराची किती हानी करतो ते हा शब्द सांगतो. किती झपाट्याने पसरतो ते नाही. टीकेबद्दल वापरला तर आपला 'विखारी' शब्द चपखल बसतो. त्यातही 'विख' म्हणजे विषच.

इन्फेक्शस : संसर्गजन्य. जंतू शरीरात शिरून होणारा आजार.

कॉन्टेजियस : लागट. माणसाकडून माणसाला लागणारा. उदा. गोवर.

टॉक्सिक : विषारी. इथे जंतू असतीलच असं नाही. कीटकनाशकही टॉक्सिक.

नॉक्शस : अपायकारक. बहुधा धूर, वायू, वाफ यांच्यासाठी.

सर्वांत जास्त घोळ होतो तो 'इन्फेक्शस' आणि 'कॉन्टेजियस' यांत. प्रत्येक संसर्गजन्य रोग लागट नसतो. धनुर्वाताचे जंतू जखमेतून शिरतात. रुग्णाजवळ बसल्याने तो होत नाही. डेंग्यू पसरतो एडिस डासामुळे. तेव्हा डेंग्यू झालेल्या शेजाऱ्याच्या घरी जाणं बंद करून उपयोग नाही. त्याची विचारपूस करा, आणि दोन्ही घरांतली पिंपं, कुंड्या, कूलरमधलं साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून टाका.