ख्रिस्ती प्रार्थनेचे वचन

नरसी मेहत्याने द्वारकेच्या सावकारावर लिहिलेली हुंडी भगवंताने स्वतः सावकाराचे रूप घेऊन चुकती केली, ही कथा आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. ख्रिस्ती धर्मग्रंथाने तर असली दर्शनी हुंडी प्रत्येक भाविकाच्या हाती कायमचीच दिली आहे, असे प्रथमदर्शनी वाटते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू सांगतो की, जो मागतो त्यास मिळते. मार्काच्या अकराव्या अध्यायात तो ह्याहून पुढे जातो : ज्याच्या मनात संशय नाही त्याच्या शब्दासरशी पर्वतदेखील समुद्रात जाऊन पडेल. ह्या वचनांत ‘कदाचित’ हा शब्द नाही. मग ज्याची प्रार्थना फळली नाही त्याने काय समजावे? वचन खोटे, की आपली श्रद्धा उणी? आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसास हा प्रश्न पंडिती वादाचा नसतो. कारण दुसरे उत्तर खरे मानले, तर मृत्यूचा दोष शोक करणाऱ्याच्याच माथी येतो. म्हणून ह्या वचनांचा अर्थ इतिहासात कसकसा लावला गेला, हे आम्ही येथे थोडक्यात पाहणार आहो.

धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर ह्याच्या चरित्रात हा प्रश्न दोनदा उभा राहिला. इ. स. १५४० च्या उन्हाळ्यात त्याचा सहकारी मेलांख्थोन वायमार येथे मरणोन्मुख होऊन पडला. ल्यूथरने देवाशी जणू भांडणच मांडले. प्रार्थनेविषयीची जेवढी वचने आठवली तेवढी त्याच्या कानी घातली. मेलांख्थोन बरा झाला व ल्यूथरच्याही मागे चौदा वर्षे जगला. परंतु पुढे दोनच वर्षांनी, २० सप्टेंबर १५४२ रोजी, ल्यूथरची तेरा वर्षांची कन्या माग्डालेना बापाच्या हातांवर मरण पावली. प्रार्थना करणारा तोच होता, वचनेही तीच होती. ह्या वेळी मात्र, मुलगी आपणास फार प्रिय आहे, तथापि तुझी इच्छा असेल तसे होवो, असे तो म्हणाला. ईश्वराचे आभार मानावयास हवेत, पण आम्हां उभयतांस ते साधत नाही, अशी कबुली त्याने मित्रास लिहिलेल्या पत्रात दिली आहे. मेलांख्थोनच्या वेळची श्रद्धा दोन वर्षांत आटली होती, असे कोण म्हणेल?

वस्तुतः ह्या नकाराची नोंद खुद्द त्या ग्रंथातच आहे. पर्वत हलविण्याचे वचन देणाऱ्या येशूनेच गेथशेमानेच्या बागेत मरणाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, आणि तो टळला नाही. पौलाने आपल्या शरीरातील काट्यासारखी बोचणारी पीडा दूर व्हावी म्हणून तीन वेळा विनविले. त्यास पीडामुक्तीऐवजी ती सोसण्यापुरती कृपा मिळाली. श्रद्धेच्या प्रमाणात फळ मिळते हा नियम येथे लागू करू गेल्यास ख्रिस्तालाच अश्रद्ध म्हणण्याची पाळी येईल.

इ. स. ४१० मध्ये रोम शहर लुटले गेले. तेथून पळून आफ्रिकेत आलेल्या प्रोबा नावाच्या विधवेने संत ऑगस्टीनला, प्रार्थना कशी करावी, असे विचारले. सुमारे ४१२ साली लिहिलेल्या उत्तरात त्याने पौलाचे व येशूचे हेच दाखले दिले. आपली गरज ईश्वरास आधीच ठाऊक असते; प्रार्थना त्यास बातमी देण्याकरिता नसून, तो जे देणार ते घेण्यास आपले मन मोठे व्हावे म्हणून असते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे.

एकोणिसाव्या शतकात मात्र ह्या वचनाकडे जमाखर्चाच्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. जॉर्ज म्यूलर ह्या प्रशियन धर्मोपदेशकाने १८३६ साली इंग्लंडात ब्रिस्टल येथे अनाथगृह उघडले. कोणाही माणसापाशी पैसा मागावयाचा नाही, केवळ ईश्वरापाशी मागावयाचा, हा त्याचा नेम. १८७० पर्यंत अॅशली डाउन टेकडीवर पाच मोठ्या इमारती उभ्या राहून दोन हजारांवर मुलांची सोय झाली. तो आपले वार्षिक अहवाल मात्र छापीत असे. आणि अहवाल हीदेखील एक मूक याचनाच नव्हे काय, ही टीकाकारांची शंका अगदीच निराधार नव्हती. परंतु त्याच १८७० साली त्याची पत्नी संधिवाताच्या ज्वराने वारली, तेव्हा तिच्या अंत्यविधीचे प्रवचन त्याने स्वतः केले, आणि विषय घेतला तो ईश्वराच्या चांगुलपणाचा. जमाखर्च मांडणारा हा मनुष्य हुंडी परत आली असे म्हणाला नाही.

पुढच्याच वर्षी इंग्लंडचा युवराज विषमज्वराने अत्यवस्थ झाला. देशभर प्रार्थना झाल्या, तो वाचला, आणि फेब्रुवारी १८७२ मध्ये लंडनला सेंट पॉलच्या मंदिरात मोठ्या थाटाने आभारविधी झाला. त्यावर त्याच वर्षी शास्त्रज्ञ टिंडल ह्याने एक निनावी सूचना प्रसिद्ध केली : इस्पितळाचा एक कक्ष निवडून काही वर्षे सर्वांनी त्यातील रोग्यांकरिता प्रार्थना करावी व मृत्यूंचे प्रमाण ताडून पाहावे. लागलीच गॉल्टनने आकडे पुढे केले : ज्यांच्या दीर्घायुष्याकरिता जाहीर प्रार्थना होतात त्या राजघराण्यांतील पुरुषांचे सरासरी आयुष्य ६४ वर्षे, म्हणजे इतर सुखवस्तू वर्गांहून कमीच. तसला प्रयोग अमेरिकेत खरोखरच झाला. हृदयावर शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रोग्यांवरील ह्या प्रयोगाचे फळ २००६ साली प्रसिद्ध झाले; परक्यांच्या प्रार्थनेचा लाभ दिसून आला नाही.

ह्या आकड्यांशी आमचे भांडण नाही. प्रार्थना म्हणजे ठराविक फळ देणारे यंत्र, असे जो म्हणतो त्यास ते निरुत्तर करतात. परंतु आभारविधीतील उत्साही भाविक आणि गॉल्टन ह्या दोघांनीही वचनाचा अर्थ एकच लावला होता, हे विसरता येत नाही.

म्यूलरचे वृत्त वाचून ज्यांनी स्फूर्ती घेतली त्यांत आपल्या पंडिता रमाबाई होत्या. केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळाने निराधार झालेल्या शेकडो मुली त्यांनी त्याच भरवशावर सांभाळल्या. १९२१ च्या जुलैत त्यांची एकुलती एक कन्या व उजवा हात मनोरमाबाई निवर्तल्या. बायबलच्या मराठी भाषांतराचे जे काम रमाबाईंनी अंगावर घेतले होते, ते त्यांनी ह्या दुःखातही सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या.

त्या भाषांतरात प्रार्थनेचे ते वचनही आलेच असणार. मत्तयाच्या त्याच अध्यायात त्या वचनापाठोपाठ दाखला येतो तो सावकाराचा नव्हे, बापाचा : मुलाने भाकर मागितली असता त्यास धोंडा देणारा बाप कोठे असतो? सावकाराने नकार दिला की व्यवहार संपतो. बापाने नकार दिला तरी मूल पुन्हा त्याच्याचकडे जाते. तो नकार का, हे ल्यूथरास कळले नाही, आणि आम्हांसही कळत नाही. पण ज्याचे माणूस गेले त्यास श्रद्धा कमी पडली असे सांगण्याचा अधिकार ह्या वचनाने कोणासही दिलेला नाही, एवढे मात्र निश्चित.