‘इश्क’ : एका संज्ञेचा इतिहास आणि सूफी काव्याचे वाचन

सूफी काव्यातील प्रेमाचा विचार बहुधा दोन टोकांनी केला जातो. एका पक्षाच्या मते या काव्यातील प्रिया, मद्य, केशपाश ही केवळ आवरणे होत. त्यांखालील ईश्वरविषयक आशय तेवढाच खरा. दुसऱ्या पक्षाच्या मते हे काव्य मुळात ऐहिकच असून आध्यात्मिक अर्थ त्यावर मागाहून लादला गेला. हे पक्ष परस्परविरोधी दिसले, तरी दोहोंचे गृहीतक समान आहे : काव्याचा खरा अर्थ एकच असला पाहिजे. ‘इश्क’ या संज्ञेचा इतिहास या गृहीतकाला छेद देतो.

कुराणात ईश्वर आणि मानव यांच्यातील प्रेमासाठी ‘हुब्ब’ आणि त्याच्याशी संबंधित शब्दरूपे येतात. ‘इश्क’ हा शब्द तेथे नाही. आरंभीच्या सूफींची मान्य संज्ञा ‘महब्बा’ ही होती. बसऱ्याच्या राबियेच्या (मृत्यू इ. स. ८०१) नावाशी निगडित असलेले, नरकभय आणि स्वर्गलोभ यांपलीकडचे निरपेक्ष प्रेम या संज्ञेत सामावू शकत होते. ‘इश्क’ला मात्र मर्यादा ओलांडणाऱ्या आसक्तीची छटा होती, अरबी वैद्यकात तर त्याची गणना व्याधींत होई. म्हणूनच नवव्या शतकात बगदादच्या नूरीने स्वतःला ईश्वराचा ‘आशिक’ म्हणवून घेतले, तेव्हा त्याच्यावर पाखंडाचा आरोप आला. हल्लाजने पुढे जाऊन ‘इश्क’ हा ईश्वरी सत्तेचाच गुण मानला. ऐहिक वासनेचा गंध असलेला शब्द हेतुतः निवडला गेला, ही घटना महत्त्वाची आहे. तो गंध धुऊन टाकायचा असता, तर ‘महब्बा’ पुरेशी होती.

या निवडीला तात्त्विक रूप दिले अहमद गझालीने (मृत्यू इ. स. ११२६). त्याच्या ‘सवानिह’ या फार्सी ग्रंथात प्रेम ही प्रेमिकाची भावावस्था राहत नाही. प्रेमिक आणि प्रेयस दोघेही प्रेमातूनच निष्पन्न होतात. हे विवेचन स्रष्ट्याविषयी की सृष्टाविषयी, हा निर्णय ग्रंथारंभीच तो बुद्ध्या टाळतो.

मग एकार्थी वाचन आले कोठून? इब्न अल्-अरबीचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. इ. स. १२०२ मध्ये तो मक्केस पोहोचला. तेथे इस्फहानच्या एका विद्वानाच्या निजाम नामक कन्येचा त्याला परिचय झाला. ‘तर्जुमान अल्-अश्वाक’ हा काव्यसंग्रह तिच्याशी निगडित आहे. अलेप्पोतील धर्मशास्त्रज्ञांनी त्याच्या आध्यात्मिकतेविषयी शंका घेतल्यावर कवीने स्वतःच त्यावर भाष्य रचले. भाष्य हे अशा रीतीने आरोपाला दिलेले उत्तर होते. तरीही त्याच्या प्रस्तावनेत निजामचा गौरव आणि दिव्य विषयांच्या सूचनाची ग्वाही शेजारी शेजारी नांदतात. एकीसाठी दुसरीचा त्याग केलेला नाही. चौदाव्या शतकात शबिस्तरीच्या ‘गुलशन-इ राज’मध्ये नेत्र, ओठ, केश, मद्य यांच्या गूढार्थांची पद्धतशीर उकल आढळते. अशा विवरणांतून पुढे संकेतकोशांची परंपरा पुष्ट झाली आणि कोश हीच काव्याची किल्ली मानली जाऊ लागली.

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत हा प्रश्न अधिक नेमका मांडता येतो. कोशाधिष्ठित वाचन लक्षणेच्या मार्गाने जाते : मुख्यार्थाचा बाध होतो आणि त्याच्या जागी दुसरा अर्थ येतो. ‘इश्क’चे काव्य मात्र आनंदवर्धनाच्या ‘विवक्षितान्यपरवाच्य’ ध्वनीच्या जवळ आहे. तेथे वाच्यार्थ विवक्षित असतो, आणि विवक्षित राहूनच अन्यपर होतो. मानवी विरहाची दाहकता अबाधित राहिली तरच ती ईश्वरविरहाची सूचक ठरते. ‘मजाजी’ आणि ‘हकीकी’ प्रेम यांत सूफींनी कल्पिलेला सेतूही हेच सुचवितो.

भाष्ये आणि कोश त्याज्य ठरतात, असा याचा अर्थ नव्हे. ती या काव्याच्या स्वीकाराच्या इतिहासातील मोलाची साधने आहेत. मात्र कोणत्या आरोपापुढे आणि कोणासाठी ती रचली गेली, हे ध्यानी घेऊनच त्यांचा उपयोग केला पाहिजे. नूरीने पत्करलेला धोका ज्या शब्दात साठला आहे, तो शब्द निर्धोक करून वाचणे म्हणजे त्यातील प्रेमाची संकल्पनाच गमावणे होय.