नवव्या झुंजीपर्यंत

तलवारबाजी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दांडपट्टा तरी येतो, नाही तर ऐतिहासिक नाटकाचा शेवटचा अंक. ज्या गालिना गोरोखोवाबाईंविषयी आम्ही बोलणार आहोत, त्यांच्या हातातले पाते या दोहोंतले नव्हे. ‘फॉइल’ हे हत्यार वजनाने अर्ध्या किलोहून हलके. त्याने कापता येत नाही, फक्त टोचता येते. आणि तेही धडावर लागले तरच गुण. शिवाय एक नियम असा की, ज्याने आधी चढाई केली त्याचा हक्क पहिला. दुसऱ्याने तो वार अडवावा, मगच उलट वार करावा. वाटाघाटीच्या टेबलाशी ज्यांची हाडे झिजली त्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही.

बाईंचा जन्म मॉस्कोचा, 31 ऑगस्ट 1938 चा. हिटलरच्या फौजा रशियात घुसल्या तेव्हा त्या तीन वर्षांच्याही नव्हत्या. रशियाची तलवारबाजीतली पत तेव्हा काहीच नव्हती. 1952 साली हेलसिंकीला सोव्हिएत संघ प्रथमच ऑलिंपिकला उतरला आणि या खेळात हात हलवीत परतला. हा खेळ इटली, फ्रान्स आणि हंगेरी यांच्या मक्त्याचा. पण त्या दशकाच्या मध्याला एक फरक पडला. तोवर चार परीक्षक डोळ्यांत तेल घालून पाहत आणि ‘लागले’ किंवा ‘नाही लागले’ सांगत. आता फॉइलला विजेची तार जोडली गेली, आणि टोक लागले की दिवा लागू लागला. मोठ्या घराण्याच्या रुबाबाला दिवा फसत नाही, असे आम्हांला वाटते. 1957 साली आलेक्सांद्रा झाबेलिना आणि 1958 साली वालेंतिना किसेल्योव्हा या दोघी सोव्हिएत स्त्रिया लागोपाठ जगज्जेत्या झाल्या.

तिथल्या क्रीडामंडळांपैकी ‘स्पार्ताक’, ‘बुरेव्हेस्तनिक’, ‘लोकोमोतिव्ह’ ही कामगार संघटनांच्या छत्राखालची. आम्ही शाळा अर्धवट सोडलेले, युनियनच्या कचेरीतल्या कपाटावर वाढलेले. म्हणून ही गोष्ट वाचली तेव्हा आम्हांला अप्रूप वाटले. पण संप करू न शकणाऱ्या युनियनला आम्ही युनियन म्हणणार नाही, मग तिने कितीही मैदाने बांधोत.

आता रोम, 1960. स्त्रियांची सांघिक स्पर्धा ऑलिंपिकमध्ये प्रथमच ठेवली होती. पुरुषांना तीन हत्यारे आणि सहा स्पर्धा, स्त्रियांना एक हत्यार आणि दोन स्पर्धा! पद्धत अशी: दोन्ही बाजूंच्या चौघी, प्रत्येकीची प्रत्येकीशी झुंज, म्हणजे सोळा झुंजी, ज्यांनी नऊ जिंकल्या त्यांचा सामना. एकटी कितीही शूर असली तरी चाराहून अधिक झुंजी तिला मिळत नाहीत. उरलेल्या पाच जोडीदारणींनीच आणायच्या.

अंतिम फेरीत समोर उभी राहिली हंगेरी. चार वर्षांपूर्वी, नोव्हेंबर 1956 मध्ये, सोव्हिएत रणगाड्यांनी बुडापेस्टचा उठाव चिरडला होता. त्यानंतरही तिथल्या कामगारांच्या परिषदांनी संप चालवला, आणि डिसेंबरात त्यांचे पुढारी तुरुंगात गेले. गोरोखोवाबाई तेव्हा अठरा वर्षांच्या. रणगाडे त्यांनी पाठविले नव्हते. पण त्यांच्या संघाचे नाव आणि रणगाड्यांच्या मालकाचे नाव एकच होते. हे विसरून या सामन्यांकडे पाहणे आम्हांला जमत नाही.

रोमला सोव्हिएत स्त्रिया जिंकल्या. 1964 साली टोकियोला पुन्हा त्याच दोन संघांत अंतिम सामना, आणि हंगेरी जिंकली. त्या संघात इल्दिको रेय्तो होती, जन्मतः बहिरी. तिचे गुरू तिला सूचना कागदावर लिहून देत. वैयक्तिक सुवर्णही तिनेच नेले. 1968 साली मेक्सिकोत आणि 1972 साली म्युनिकमध्ये पुन्हा हेच दोन संघ, दोन्ही वेळा सोव्हिएत विजय. चार ऑलिंपिके, चारही अंतिम सामने त्याच दोन देशांत; आणि चारही वेळा एका संघात गोरोखोवा, दुसऱ्यात रेय्तो. बारा वर्षे!

आमच्या बाईंचे वैयक्तिक यश पाहू. 1965 साली पॅरिसला आणि 1970 साली अंकाराला त्या जगज्जेत्या झाल्या. ऑलिंपिकचे वैयक्तिक सुवर्ण मात्र हुलकावणी देत राहिले. मेक्सिकोत ते नेले त्यांच्याच संघातल्या येलेना नोव्हिकोवा (पुढे बेलोव्हा) या एकवीस वर्षांच्या मुलीने. तीस वर्षांच्या, जगज्जेत्या राहिलेल्या बाईंना त्याच मुलीच्या खांद्याला खांदा लावून सांघिक सामना लढायचा होता. त्या लढल्या, आणि सुवर्ण घेऊन आल्या. ज्येष्ठ कामगाराच्या डोक्यावर कालचा पोरगा मुकादम झाला की खाते कसे धुमसते ते आम्ही पाहिले आहे. म्हणून या सांघिक सुवर्णाचे मोल आम्ही त्यांच्या जगज्जेतेपदांहून कमी धरीत नाही.

म्युनिकला चौतिसाव्या वर्षी वैयक्तिक कांस्य आले. इटलीची आंतोनेल्ला राग्नो पहिली, हंगेरीची इल्दिको बोबिस दुसरी, बाई तिसऱ्या. सांघिक सुवर्ण धरून ऑलिंपिकची एकूण पाच पदके झाली: तीन सोन्याची, एक चांदीचे, एक काशाचे.

एपे हे हत्यार स्त्रियांना ऑलिंपिकमध्ये 1996 साली मिळाले, सेबर 2004 साली. आणि दोन्हींकडच्या स्पर्धांची संख्या सारखी झाली ती 2021 साली भरलेल्या टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये. गोरोखोवाबाईंनी तोवर पाते केव्हाच खाली ठेवले होते. सोव्हिएत संघ मोडल्यानंतरच्या काळात त्या रशियातील खेळाडूंच्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या.