पेटीतली तबकडी

आज इतिहास सांगायचा आहे, पण राजाराणीचा नाही. आपल्या घरातल्या एका वस्तूचा सांगायचा आहे. लोखंडी पेटीत, साड्यांच्या घडीखाली किंवा देवघराच्या फळीवर ती ठेवलेली असते. चकचकीत, गोल, मधे भोक असलेली. मुलीच्या लग्नाची सीडी. कोणाकडे गटाच्या मेळाव्याची असेल, कोणाकडे भजनी मंडळाची, तर कोणाकडे आता हयात नसलेल्या आजीच्या गाण्यांची.

या तबकडीचा एक जुना त्रास बहुतेकींना आठवत असेल. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर ती छान चालायची. घरी आणून प्लेअरमध्ये घातली की पडद्यावर ‘नो डिस्क’. मग बाई दुकानात परत, आणि दुकानदार म्हणणार, "माझ्याकडे तर चालते ताई." दोघंही खरं बोलत असत. असं का होत होतं आणि त्यातून आज आपण काय घ्यायचं, ते बघू.

तबकडी हा शब्द आधी ग्रामोफोनचा. १९३१ साली गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले, तेव्हा कोलंबिया कंपनीनं त्यांचं ईश्वरावरचं एक छोटं इंग्रजी भाषण तबकडीवर मुद्रित केलं. म्हणून तो आवाज आज आपण ऐकू शकतो. त्या तबकडीवर आवाजाची बारीक नागमोडी खाच कोरलेली असायची आणि सुई त्या खाचेतून चालायची. पुढं कॅसेट आली, मग चित्राची व्हिडिओ कॅसेट आली. १९८४ साली अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेतल्या वीसेक बाया व्हिडिओ कॅमेरा शिकल्या. त्यांतल्या काहींना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आपल्या कामाचं चित्रण त्या स्वतः करू लागल्या. कष्टकरी बाई कॅमेऱ्यासमोरून कॅमेऱ्यामागं गेली, ती या कॅसेटच्या काळात.

१९८२ साली सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांची सीडी बाजारात आली. बारा सेंटिमीटर रुंद, आणि तिच्यात सुमारे चौऱ्याहत्तर मिनिटांचा आवाज मावायचा. इथं सुई नव्हती. तबकडीवरच्या अतिबारीक खड्ड्यांवर प्रकाशाचा किरण पडायचा आणि परत येणाऱ्या उजेडावरून यंत्र एक आणि शून्य असे आकडे वाचायचं. आवाज आकड्यांत लिहिला गेला, म्हणजे चित्रही लिहिता येणार होतं. अडचण जागेची होती. चित्र जसंच्या तसं भरलं, तर लहान आकाराचं चित्रसुद्धा एका सीडीत जेमतेम दोन-तीन मिनिटं मावतं. मग चित्र दाबायची युक्ती निघाली. समजा, बाई भिंतीपुढं उभी राहून गाते आहे. भिंत तीच असते, हलतात फक्त ओठ आणि हात. मग भिंत दर वेळी कशाला लिहायची? जे बदललं तेवढंच लिहायचं. या रीतीला ‘एमपेग’ म्हणतात.

१९९३ साली सोनी, फिलिप्स, मात्सुशिता आणि जेव्हीसी या चार कंपन्यांनी बसून एक ठराव केला. व्हिडिओ सीडी, म्हणजे आपली व्हीसीडी, कशी असेल याचा तो ठराव. भारतातल्या टीव्हीसाठी चित्र आडवे ३५२ ठिपके आणि उभे २८८ ठिपके, सेकंदाला पंचवीस चित्रं, आकड्यांचा वेग ठरलेला, फाइल कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायची तेही ठरलेलं. तबकडीत साधारण चौऱ्याहत्तर ते ऐंशी मिनिटं मावायची, म्हणून तीन तासांच्या सिनेमाला दोन किंवा तीन सीड्या लागायच्या आणि ऐन रंगात आलं की कोणीतरी उठून सीडी बदलायची.

आता दुकानातल्या त्या भांडणाचं उत्तर सापडतं. घरातला जुना प्लेअर हा शिस्तीचा गडी. ठरावाप्रमाणे भरलेली तबकडी असेल तरच तो वाचणार. कॉम्प्युटर मात्र नाना प्रकारच्या फाइल उघडतो. दुकानदारानं लग्नाची फाइल नुसती तबकडीवर उतरवली, तर ती झाली ‘डाटा सीडी’. ती कॉम्प्युटरवर चालते, जुना प्लेअर तिला ओळखत नाही. तीच फाइल आधी ठरलेल्या मापात बदलली आणि ‘व्हिडिओ सीडी’ असा पर्याय निवडून भरली, तर ती प्लेअरवर चालते आणि कॉम्प्युटरवरही. दोन्ही तबकड्या दिसायला सारख्या, आत लिहिण्याची रीत वेगळी. शिवाय शेवटी तबकडी ‘बंद’ करावी लागते, म्हणजे आता यात आणखी भरायचं नाही अशी नोंद तिच्यावर करायची. ती राहिली तरी प्लेअर रुसायचा. आणि पुन्हा पुन्हा पुसून लिहिता येणाऱ्या सीडीवरून उजेड कमी परततो, म्हणून पुष्कळ जुन्या प्लेअरना ती वाचताच येत नसे.

व्हीसीडी अमेरिकेत फारशी चालली नाही. तिथं घरोघर व्हिडिओ कॅसेट होती आणि लवकरच डीव्हीडी आली. व्हीसीडी रुजली ती चीनमध्ये, आग्नेय आशियात आणि आपल्या देशात. कारणं साधी होती. प्लेअर स्वस्त, तबकडी स्वस्त, कॅसेटसारखी फीत अडकायची भीती नाही, आणि गावाजवळच्या दुकानातही नक्कल काढता यायची. चोरट्या नकला पुष्कळ निघाल्या आणि सिनेमावाल्यांचं नुकसान झालं, हेही खरं. पण याच स्वस्ताईमुळं मोठ्या कंपन्यांनी ज्यांना कधी विचारलं नसतं, त्यांची कला तबकडीवर आली. भीमगीतं, भजनं, कीर्तनं, लावण्या, गोव्यातले तियात्र. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात, यंत्रमागांच्या खडखडाटात, व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ हा सिनेमा केला. नट गावातलेच, भाषा गावातलीच. पुढं मालेगावात आणि खानदेशात तिथल्या बोलीतल्या विनोदी सिनेमांची रांगच लागली आणि ते व्हीसीडीवर घरोघर गेले. फैजा अहमद खान यांनी या मंडळींवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ नावाचा माहितीपटही केला.

२००७ मध्ये मोझर बेअर ही तबकड्या बनवणारी भारतीय कंपनी सिनेमांच्या विक्रीत उतरली. व्हीसीडी २८ रुपये, डीव्हीडी ३४ रुपये. एवढ्या पैशात सिनेमा घरी. डीव्हीडीत ४.७ जीबी मावायचं, म्हणजे पूर्ण सिनेमा एकाच तबकडीत आणि चित्रही स्वच्छ. पण इथं ठरावात फूट पडली. घरी भरायच्या डीव्हीडीचे दोन प्रकार निघाले, एकाच्या नावात वजा आणि दुसऱ्याच्या नावात अधिक. सुरुवातीच्या काही प्लेअरना एक चालायचा, दुसरा नाही. कंपन्यांचं जमलं नाही की त्याचा हेलपाटा आपल्याला पडतो.

आता आपल्या वर्ध्याकडं येऊ. वर्ध्यात मगन संग्रहालय आहे. १९३८ च्या डिसेंबरात गांधीजींच्या हस्ते ते सुरू झालं. ग्रामोद्योगांची साधनं तिथं बघायला मिळतात. चरख्याची एक गोष्ट या वस्तूंबरोबर सांगण्यासारखी आहे. १९२९ साली चरखा संघानं चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी ऐका. चरखा हलका असावा. साध्या झोपडीत चालवता यावा. बाईला फार न थकता आठ तास कातता यावं. किंमत दीडशे रुपयांच्या वर नसावी. वेळच्या वेळी देखभाल केली तर वीस वर्षं चालावा आणि दुरुस्तीचा खर्च थोडा असावा. ते बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पण कोणतंही यंत्र घरात घेताना विचारायचे प्रश्न त्या अटींमध्ये आहेत.

आपल्या तबकडीला हे प्रश्न विचारून बघा. किंमत? स्वस्त, त्यात ती पास. चालवायला? सोपी. दुरुस्ती? ओरखडा खोल गेला तर नाही. वीस वर्षं टिकेल? इथं मात्र सांगणं कठीण आहे. कारखान्यात छापलेल्या सीडीत खड्डे असतात. दुकानात भरलेल्या सीडीत खड्डे नसतात, रंगाचा एक पातळ थर असतो आणि त्यावर किरणानं डाग पाडून लिहिलेलं असतं. ऊन, उष्णता आणि ओल यांनी तो रंग विरतो. वर्ध्याचा मे महिना तुम्हाला माहीत आहे, पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी पेटीचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको. लग्नाची, मेळाव्याची, आजीच्या गाण्याची सीडी ही सगळी दुकानात भरलेलीच असते. विकत आणलेला सिनेमा खराब झाला तर दुसरीकडे मिळेल. आजीचा आवाज दुसरीकडे कुठं मिळणार?

आणि तबकडी शाबूत राहिली तरी वाचणार कोण? प्लेअर भंगारात गेले. नव्या लॅपटॉपला बहुधा सीडीचा कप्पाच नसतो. मोझर बेअर कंपनीही २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली.

मग जपायचं कसं? याचं उत्तर आपल्या विदर्भात फार जुनं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधर स्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ लिहिलं. महानुभाव परंपरा सांगते की पुढं परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि ज्यांना लीळा पाठ होत्या त्यांच्याकडून ती पुन्हा लिहून घ्यावी लागली. त्यात हिराइसा नावाची एक बाई होती. तिच्या स्मरणातून आलेला पाठ आजही ‘हिराइसेचा पाठ’ म्हणून ओळखला जातो. पोथी गेली, पण बाईच्या मुखातली दुसरी नक्कल राहिली, म्हणून ग्रंथ राहिला.

आपल्या काळातलंही एक उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक. त्या कागदावर लिहिल्या, कित्येक बायांचे आवाज मुद्रित केले, मग ते सगळं कॉम्प्युटरवर आलं. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं त्या ओव्या इंटरनेटवर द्यायला सुरुवात केली. त्या टिकल्या, कारण प्रत्येक वेळी जुनं साधन बंद पडायच्या आत कोणीतरी त्या नव्या साधनात नेल्या.

तेव्हा मैत्रिणींनो, हे काम गटानं हाती घ्यावं. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातल्या सीड्या आणाव्या. कोणती कशाची, कोणत्या सालची, त्यात कोण कोण आहे, हे वहीत लिहावं. ज्यांना हे सांगता येतं त्या म्हाताऱ्या बाया आज आहेत, म्हणून आधी त्यांच्याजवळ बसा. तालुक्याच्या गावी ज्याच्याकडे सीडीचा कप्पा असलेला कॉम्प्युटर आहे, असा फोटोवाला किंवा कॉम्प्युटरवाला शोधा. एकेकटीनं जाण्यापेक्षा सगळ्यांच्या सीड्या एकदम न्या, भावही कमी होईल.

त्याला दोन गोष्टी सांगा. पहिली, सीडीतली मूळ फाइल जशीच्या तशी कॉपी करून दे. दुसरी, तिचीच ‘एमपी-फोर’ करून दे. आज मोबाइल, टीव्ही आणि कॉम्प्युटर या तिघांवर चालणारा ठराव तोच आहे. पेन ड्राइव्हवर देताना फाइल चार जीबीपेक्षा लहान ठेवायला सांगा, कारण टीव्हीला चालणाऱ्या पुष्कळ पेन ड्राइव्हमध्ये त्याहून मोठी फाइल मावतच नाही. घरी येण्याआधी दोन ठिकाणी लावून बघा, सुरुवात, मध्य आणि शेवट.

नकला तीन करा. एक घरी, एक गटाच्या पेटीत, एक दुसऱ्या गावच्या लेकीकडं किंवा बहिणीकडं. दोन-तीन वर्षांनी उघडून बघा आणि नव्या साधनात उतरवा. जुनी तबकडी टाकू नका. कव्हरात घालून, उन्हापासून दूर उभी ठेवा, तिच्यावर बॉलपेननं लिहू नका. आणि एक मात्र पाळा. ज्या बाईचा आवाज आहे, चेहरा आहे, तिला विचारल्याशिवाय तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. ती नसेल तर तिच्या घरच्यांना विचारा.

कपाशीचं सरकीचं बियाणं आपण कधीकाळी राखेत घोळून, मडक्यात भरून ठेवायचो आणि शेजारणीलाही थोडं द्यायचो. आपलं गेलं तर तिच्याकडं असावं म्हणून. गटाच्या आवाजाचंही तसंच करा. पुढच्या बैठकीच्या विषयांत हा एक विषय आजच लिहून ठेवा.