पंडिता रमाबाईंचा ग्रंथव्यवहार

आपले पुस्तक आपणच लिहावे, आपणच छापवून घ्यावे आणि आपणच विकावे, हा उद्योग मराठी माणसाला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात प्रकाशन हा स्वतंत्र धंदा म्हणून आपल्याकडे नीट रुजलाच नव्हता. लेखकापुढे वाटा थोड्या होत्या. सरकारी दक्षिणा प्राइज कमिटीकडे हस्तलिखित धाडावे, एखाद्या धनिकाचा आश्रय शोधावा, आगाऊ वर्गणीदार जमवून त्यांची नावे पुस्तकाच्या आरंभी छापावीत, नाही तर सरळ पदरमोड करावी. यांतल्या पहिल्या वाटेवर काय घडू शकते, हे जोतीराव फुल्यांनी अनुभवले होते. 1855 साली त्यांनी आपले ‘तृतीय रत्न’ हे नाटक कमिटीपुढे ठेवले. कमिटीतल्या एतद्देशीय सभासदांनी विरोध केला आणि नाटक नाकारले गेले. ते छापून वाचकांच्या हाती आले 1979 साली. एका नकारापायी सव्वाशे वर्षे गेली! पुढे जोतीराव आपली पुस्तके स्वतः छापवू लागले, यात नवल ते काय?

पण आज आम्हांला सांगायचे आहे ते पंडिता रमाबाईंविषयी. रमाबाई विदुषी होत्या, समाजसेविका होत्या, हे सर्वांना ठाऊक आहे. पुस्तक हे हाती पैसा आणण्याचे आणि काम उभे करण्याचे साधन म्हणून त्यांनी कसे वापरले, इकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही.

1882 च्या फेब्रुवारीत त्यांचे पती बिपिनबिहारी मेधावी वारले. पदरी लहानगी मनोरमा. त्या पुण्यास आल्या आणि त्याच वर्षी त्यांचे ‘स्त्रीधर्मनीति’ हे मराठी पुस्तक बाहेर पडले. आज वाचताना ते बरेचसे उपदेशपर आणि जुन्या वळणाचे वाटते. पुढच्या रमाबाई त्यात अजून पुरत्या दिसत नाहीत. परंतु त्या पुस्तकाने एक काम चोख बजावले. त्याच्या विक्रीतून आलेला पैसा विलायतेच्या प्रवासखर्चाला उपयोगी पडला आणि 1883 साली चोवीस-पंचवीस वर्षांची ही विधवा बाई मुलीला घेऊन बोटीवर चढली. त्या काळी बहुतेकांनी समुद्रपर्यटन केले ते वडिलांच्या, संस्थानिकांच्या किंवा सरकारी शिष्यवृत्तीच्या पैशावर. पुस्तकाच्या कमाईवर समुद्र ओलांडणारी मराठी स्त्री आम्हांला तरी दुसरी आठवत नाही.

इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि इकडे पुष्कळ घरांची दारे त्यांना मिटली. विधवांसाठी शाळा काढायची तर पैसा आणायचा कोठून? 1886 च्या मार्चमध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथेच राहिल्या. 1887 साली त्यांनी ‘द हाय कास्ट हिंदु वुमन’ हे इंग्रजी पुस्तक स्वतःच छापवून प्रसिद्ध केले. आनंदीबाईंच्या कॉलेजच्या मुख्य डॉ. रेचल बॉडली यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. दारूबंदीच्या चळवळीतल्या स्त्रियांनी पुस्तक गावोगाव पोचवायला हात लावला. रमाबाई व्याख्याने देत फिरत आणि व्याख्यानामागून पुस्तक जाई. पाहता पाहता मुद्रण दहाव्या हजारावर गेले. मधे प्रकाशक नव्हता. खर्च वजा जाता राहील ते शाळेसाठी. ज्या स्त्रीला आपल्या गावात आश्रय उरला नव्हता, तिने परमुलखात हजारो लहान लहान आश्रयदाते एकेका प्रतीने मिळवले, असे म्हणावे लागते. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षांच्या मदतीची हमी मिळाली.

या पुस्तकावर इकडे आक्षेपही आले. घरची दुःखे परक्यांपुढे मांडली, असा त्याचा रोख होता. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. परकी माणसे अशा वर्णनांतून आपापल्या सोयीचे काढून घेतात, हे खरे. पण ज्यांनी हा आक्षेप घेतला त्यांच्यापैकी किती जण शाळेसाठी गाठ सोडायला तयार होते, हेही विचारायला हवे. शिवाय रमाबाई परक्यांचीही भीड धरणाऱ्या नव्हत्या. परत आल्यावर 1889 साली अमेरिकेच्या लोकस्थितीवर त्यांचे मराठी पुस्तक मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून निघाले. त्यात त्या देशातल्या स्त्रियांच्या संघटनांची मोकळी स्तुती आहे, आणि तिथल्या मूळ रहिवाशांशी व काळ्या लोकांशी झालेल्या अन्यायावर बोटही ठेवलेले आहे.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन उघडले. तिथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. पुढे 1893 साली धोंडो केशव कर्व्यांशी विवाह झाल्यावर महाराष्ट्र त्यांना आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखू लागला. फिलाडेल्फियात खपलेल्या प्रतींचा धागा असा थेट आपल्या स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात येऊन मिळतो.

शेवटचे पुस्तक मात्र अगदी वेगळ्या जातीचे. केडगावच्या मुक्तिसदनात रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या बाईला ते कळत नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. शब्द साधे हवेत, हा त्यांचा हट्ट. साध्या शब्दांपायी वाक्य कधी रुक्ष होते, पण त्यांनी हट्ट सोडला नाही. मजकूर छापायलाही त्या दुसऱ्याच्या दारी गेल्या नाहीत. सदनातच छापखाना होता आणि तिथे कामाला होत्या सदनातल्याच बाया. दुष्काळातून आणलेल्या, टाकलेल्या, विधवा झालेल्या, आणि इथे येईपर्यंत अक्षरओळखही नसलेल्या कितीतरी. त्यांनी खिळे जुळवले, मुद्रिते काढली, फर्मे छापले, बांधणी केली.

5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई वारल्या. तेव्हा छपाई पुरी झालेली नव्हती. बायांनी काम चालू ठेवले आणि 1924 साली संपूर्ण ग्रंथ केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडला.